पोटात जागाही नसते आणि हवाही नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर परवा एक गोष्ट आली होती, एका मुलीला अजगर गिळतो, ती दप्तरातला टॉर्च लावते, आत तिला आधीच गिळलेली बकरी भेटते, दोघी मिळून अजगराला गुदगुल्या करतात आणि तो त्यांना बाहेर टाकतो. गोष्ट माझ्या सातवीच्या पोरांनी वर्गात मोठ्याने वाचली आणि सगळी हसली पण. त्याच आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला, भल्यामोठ्या सापाचं पोट फाडतात आणि आतून एक माणूस डोळे चोळत उठून बसतो, केस कोरडे, शर्टाला साधी सुरकुती नाही. तो कॉम्प्युटरवर बनवलेला आहे हे मला दिसत होतं, पण खाली दोनशे लोकांनी हात जोडलेले आणि "देव तारी त्याला कोण मारी" लिहिलेलं. गोष्ट ती गोष्ट, तिच्यावर माझा काही आक्षेप नाही. व्हिडिओचं मात्र मला खरंच वाईट वाटतं, आणि का वाटतं ते सांगायला हे पत्र लिहितेय. मी सिंधुदुर्गात एका शाळेत विज्ञान शिकवते.

गोष्ट वाचून झाल्यावर एका पोरीने विचारलं, मॅडम ती आत श्वास कुठून घेत होती? प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आपण सगळे पोटाची कल्पना एखाद्या रिकाम्या खोलीसारखी करतो, आत अंधार आहे, थोडा वास आहे, पण उभं राहायला जागा आहे. प्रत्यक्षात आपलं स्वतःचं जठर रिकामं असताना त्यात जेमतेम अर्धी वाटी मावेल एवढी जागा असते, आणि ती पण मोकळी नसते, दोन्ही भिंती ओल्या मोज्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. जेवू तसं ते ताणलं जातं, साधारण एक-दीड लिटरपर्यंत, पण अन्नाभोवती भिंत घट्टच राहते, सतत आवळत आणि घुसळत राहते. गिळताना थोडी हवा जाते ती ढेकरेने परत येते. म्हणजे ज्याला गिळलं त्याच्या तोंडानाकावर ओलं मांस दाबून बसलेलं असणार, आणि ॲसिडचा विषय निघायच्या आधीच श्वासाचा विषय संपलेला असणार. सिनेमावाले नेहमी ॲसिडचं खदखदणारं तळं दाखवतात, त्यात पाय पडला की हाडं वर. ती पण कल्पनाच आहे हो. खरं पचन सावकाश चालतं, आणि मारायचं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं.

आता काही जण म्हणतात, जिवंत माणसाला पोट पचवू शकत नाही, आत्मा आहे तोवर शरीर टिकतं. हा विचार फार जुना आहे आणि मोठमोठ्या लोकांनी केलेला आहे. लंडनचा सर्जन जॉन हंटर याने १७७२ साली लिहिलं की मेलेल्या माणसाचं जठर स्वतःलाच पचवून टाकतं असं त्याला प्रेतं तपासताना दिसलं, मग जिवंतपणी ते का पचत नाही, तर जिवंत शरीरात असं काहीतरी आहे जे त्याला राखतं. पटण्यासारखं वाटतं ना? पण पुढे १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने एका कुत्र्याच्या पोटाला भोक पाडून जिवंत बेडकाचे मागचे पाय आत सोडले, बेडूक बाहेर जिवंत आणि पाय आत पचत चाललेले. प्रयोग क्रूर आहे, आज कुणी करणार नाही आणि करूही नये, मी पण तो वर्गात सांगताना दोनदा विचार करते. पण उत्तर त्यातूनच मिळालं, की जिवंत असणं ही काही ढाल नाही. आपलं जठर वाचतं ते चिकट श्लेष्माच्या थरामुळे, त्या थरात पाझरणाऱ्या, ॲसिड शमवणाऱ्या बायकार्बोनेटमुळे, आणि वरच्या पेशी दर तीन-पाच दिवसांनी नवीन येत राहतात म्हणून. गिळल्या गेलेल्याकडे यातलं काहीच नसतं, असते ती फक्त कातडी.

आणि जठरात चालतं काय हे माणसाने डोळ्यांनी बघितलंय, त्यासाठी कुणाला गिळलं जायची गरज पडली नाही. १८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जखम अशी भरली की पोटाला बाहेरून थेट जठरात जाणारं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारा विल्यम ब्यूमाँट हा लष्करी डॉक्टर. १ ऑगस्ट १८२५ ला दुपारी बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या भोकातून आत सोडला. एक वाजता ओढून बघितलं तर कोबी आणि पाव अर्धे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. परत आत. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं गोमांस दोऱ्यावरून गायब, बाकीच्याला फारसं काही झालेलं नाही. नंतर जठरातला रस बाहेर काढून बाटलीत अन्न घालून ऊब देऊन ठेवलं तरी ते पचतं हे त्याने दाखवलं. १८३३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो गरीब पोरगा या सगळ्याला किती कंटाळला असेल, मधेच एकदा तो कॅनडाला निघून गेला होता, आणि डॉक्टर त्याच्याशी फार माणुसकीने वागला असं मला वाचताना वाटत नाही. पण आज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या प्रत्येकावर त्या पोराचे उपकार आहेत.

अजगराकडे वळते, कारण आमच्याकडे सगळी भीती त्याचीच. पहिली गोष्ट म्हणजे अजगर जिवंत गिळत नाही, आधी आवळून मारतो. पूर्वी म्हणायचे गुदमरून मारतो, पण अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अजगरासारख्याच आवळून मारणाऱ्या बोआ सापाने विळखा घातलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला तेव्हा कळलं की काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, हृदयाला रक्त पुढे ढकलताच येत नाही. म्हणजे गोष्टीतल्या मुलीचा टॉर्च पेटायच्या आधीच सगळं संपलेलं असतं. दुसरं म्हणजे जबडा निखळतो वगैरे आपण ऐकतो तसं काही होत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीला आपल्यासारखी जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये लवचिक बंध असतो, त्यामुळे डावी बाजू पुढे, मग उजवी पुढे, असं करत साप स्वतःच भक्ष्यावर चढत जातो. गिळायला तास जातो कधी कधी, तोंड पूर्ण भरलेलं, मग तो स्वतः श्वास कसा घेतो? त्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या जवळ असतं आणि ते तो नळीसारखं पुढे बाहेर काढू शकतो. वर्गात हे चित्र फळ्यावर काढलं की पोरं एकदम गप्प होतात, दरवर्षी.

माणसाला गिळल्याच्या खऱ्या घटना आहेत, नाहीत असं मी म्हणत नाही. इंडोनेशियात सुलावेसी भागात २०१७ साली एका तरुण शेतकऱ्याला आणि २०१८ साली जवळच्या मुना बेटावर एका बाईला जाळीदार अजगराने गिळलं, दोन्ही साप साधारण सात मीटरचे. दोघांचे देह पोटातून काढले तेव्हा कपड्यांसकट अखंड होते, आणि दोघंही मेलेले होते. "अखंड" एवढंच ऐकून लोक "जिवंत" समजतात बहुतेक. देह अखंड मिळाला कारण पचन सुरूच व्हायचं होतं. यातली बायोलॉजी तर कुठल्याही गोष्टीपेक्षा भारी आहे, उपाशी अजगराच्या जठरात ॲसिड जवळजवळ नसतंच. आत पाण्यासारखी स्थिती असते, भक्ष्य गेलं की मग कारखाना सुरू होतो आणि साधारण दिवसभरात ॲसिड आपल्या जठराइतकं तीव्र होतं. अमेरिकेतल्या स्टीफन सीकर या शास्त्रज्ञाने बर्मी अजगरावर वर्षानुवर्षं काम केलंय. मोठं जेवण झालं की त्याची शरीरातली उलाढाल, म्हणजे ऊर्जा वापरायचा वेग, तिसाचाळीस पट वाढते, लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि दोन दिवसांत हृदय चाळीस टक्क्यांनी मोठं होतं! जेवण संपलं की सगळं परत आकसतं. हाडं विरघळतात, केस, पिसं, नखं तेवढी राहतात. आणि हे सगळं उबेवर अवलंबून, थंडी पडली आणि ऊन मिळालं नाही तर अन्न पचायच्या आधी पोटातच कुजायला लागतं, म्हणून जेवलेला अजगर उन्हाला येऊन पडतो आणि नेमका तेव्हाच लोकांना दिसतो.

देवमाशाचं थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एक लॉबस्टर पकडणारा पाणबुड्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चिलीजवळ मॅगेलनच्या सामुद्रधुनीत छोटी होडी वल्हवणारा एक तरुण, दोघं हंपबॅक व्हेलच्या तोंडात गेले आणि बाहेर आले. चिलीचा तर व्हिडिओ त्याच्या वडिलांनीच काढलाय, तो खरा आहे. पण तोंडात, पोटात नव्हे! त्या व्हेलला दात नसतात, झालरीने मासळी गाळून खातो, घसा इतका अरुंद की माणूस उतरणारच नाही, चुकून काही मोठं आलं की तो स्वतःच बाहेर टाकतो. माणूस मावेल असा घसा स्पर्म व्हेलचा, तो मोठमोठे स्क्विड गिळतो. त्याच्या पहिल्या कप्प्यात ॲसिड नसतं पण जाड स्नायू असतात, चावायचं काम तिथेच चिरडून होतं. १८९१ मध्ये जेम्स बार्टली नावाचा खलाशी व्हेलच्या पोटातून जिवंत निघाला, कातडी पांढरी पडली होती, ही गोष्ट अजून मराठी फॉरवर्डमध्ये फिरते. एडवर्ड डेव्हिस या इतिहासाच्या अभ्यासकाने मागोवा घेतला तर त्या नावाचा माणूस जहाजाच्या यादीत नाही, जहाज व्हेल मारणारं नाही, आणि कप्तानाच्या बायकोने तर ही गोष्ट साफ खोटी म्हणून लिहून ठेवलेलं. जाता जाता आपल्या बातम्यांबद्दल पण एक, आपण दर थोड्या दिवसांनी "व्हेलच्या उलटीची तस्करी" छापतो. स्क्विडची चोच पचत नाही, ती आतड्याला टोचत राहते, तिच्याभोवती हा मेणचट गोळा साठत जातो, आणि बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते तो उलटीतून नाही तर मागच्या बाजूने बाहेर पडतो. एका ओळीत हे लिहिलं तर बातमी वाचणाऱ्याला काहीतरी नवीन मिळेल.

मला आपल्या जुन्या गोष्टींचं फार कौतुक वाटतं ते इथे. अघासुराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, अजगर होऊन तोंड उघडून पडतो आणि गोप वासरांसकट गुहा समजून आत शिरतात. भागवताच्या दशम स्कंधात त्या पोरांना मृत्यूच्या जठराग्नीचा घास म्हटलंय, आणि कृष्ण घशात वाढून अघासुराचा श्वास कोंडतो, मग पोरांना आपल्या दृष्टीने उठवून बाहेर आणतो. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं की आत गेलेला आपला आपण चालत येत नाही, त्याला देवच लागतो. आणि अगस्तींची गोष्ट तर सरळसरळ पचनाचीच. इल्वल आपल्या भावाला वातापीला बोकड करून शिजवून वाढायचा आणि जेवण झालं की हाक मारायचा, वातापी पोट फाडून बाहेर. अगस्तींच्या बाबतीत हाक मारली तर कोण येणार, तो जिरून गेलेला. आमची आजी लहान मुलाच्या पोटावरून हात फिरवत "वातापी जीर्णो भव" म्हणायची. इतकी समज असलेल्या लोकांचे आपण वारस आणि आपण त्या कोरड्या शर्टाच्या व्हिडिओला हात जोडतोय, हे मला खटकतं.

गिळल्यावर खरोखर जिवंत बाहेर येणारे जीव आहेत हो, आणि ते मुलांना सांगायलाच हवेत. आपल्याकडे पावसाळ्यात बाथरूममध्ये, कुंडीखाली गांडुळासारखा वाळा साप निघतो ना, बिनविषारी, आंधळा, बिचारा उगाच मारला जातो, तो पूर्व तिमोरमध्ये एका भेकाच्या मागच्या बाजूने जिवंत बाहेर येताना सापडला, २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद छापली. भेक पण आपल्या अंगणातला असतो तोच. काही तासांनी वाळा मेला, पण जिथून आला तिथून आला. मातीत कमी हवेवर राहणारा, सडपातळ आणि गुळगुळीत, म्हणून त्याला जमलं. जपानमध्ये कोबे विद्यापीठात पाणकिड्याची एक जात बेडकांना खायला घातली, तर दहातले नऊ किडे सहा तासांच्या आत बेडकाच्या मागून जिवंत बाहेर, सगळ्यात चपळ तर सहा मिनिटांत. पाय मेणाने चिकटवले तर एकही वाचला नाही, म्हणजे चालत गेले. हा किडा एरवीपण पंखांच्या कवचाखाली हवा साठवून वावरतो. आणि नागासाकी विद्यापीठाने २०२४ मध्ये एक्स-रे व्हिडिओ काढले, माशाने गिळलेली ईल या सापासारख्या लांब माशाची पिल्लं जठरातून शेपटीच्या बाजूने मागे सरकत अन्ननलिकेतून कल्ल्यांच्या फटीतून निसटताना त्यात दिसतात. ३२ पैकी ९ सुटली. जी आत राहिली ती तीन-साडेतीन मिनिटांत निपचित पडली. ज्यांना ॲसिडची भीती वाटते त्यांनी हा आकडा बघावा, इतक्या वेळात ॲसिडने कितीसं पचणार.

पण सगळ्यात वरचढ ऑस्ट्रेलियातली बेडकी. क्वीन्सलँडच्या जंगलातल्या ओढ्यांत राहायची. ही स्वतःची फलित अंडी गिळायची. अंड्यांभोवतीच्या चिकट थरातून आणि मग टॅडपोलमधून प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं द्रव्य सुटायचं आणि त्याने आईचं ॲसिड बनणंच बंद व्हायचं, जठराचं गर्भाशय झालं म्हणा. सहा-सात आठवडे आई काही खात नाही, वीसेक पिल्लं आत वाढतात, पोट इतकं फुगतं की फुप्फुसं दबून जातात आणि ती कातडीतून श्वास घेते, मग एक दिवस तोंड उघडते आणि पूर्ण घडलेली छोटी बेडकं बाहेर येतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उठून परत वाचलं होतं. पोटात राहायला जागा असण्याची सगळ्या जगाची कल्पना एका प्राण्याने खरी करून दाखवली होती. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, अल्सरच्या औषधासाठी उपयोग होईल म्हणून अभ्यास सुरू झाला, आणि १९८१ नंतर ती जंगलात दिसली नाही. तिची दुसरी जात १९८४ मध्ये सापडली आणि १९८५ नंतर तीही गेली. दोन्ही कायमच्या संपल्या.

आता मूळ दुखणं. आमच्याकडे अजगर खुराड्यात शिरतो, फटीतून बारीक होऊन आत येतो, दोन-तीन कोंबड्या गिळतो आणि मग फुगलेल्या पोटाने त्याच फटीतून बाहेर निघता येत नाही. सकाळी गर्दी जमते. मागच्या पावसात अशाच एका खुराड्यापाशी मी होते, पोरं काठीने डिवचत होती, मोबाईल चालू, आणि अजगराने गिळलेलं सगळं उलटून टाकलं, कारण जड पोटाने पळता येत नाही. बाहेर आलेली कोंबडी लांब ओढल्यासारखी दिसत होती, पिसं बुळबुळीत होऊन अंगाला चिकटलेली, चोच मात्र जशीच्या तशी. कुणीतरी ओरडलं, जिवंत आहे का बघा! कोंबडी रात्रीच मेलेली होती. जेवण पचवायला साप किती ताकद लावतो ते वर सांगितलंय, ती सगळी त्या एका क्षणात वाया गेली, आणि असा साप पुढे कितपत सावरतो हे बघायला कुणी थांबत नाही. आपल्याकडचा अजगर सहसा दहा-बारा फुटांचा, सुलावेसीचा जाळीदार अजगर महाराष्ट्रात नाहीच. पण व्हिडिओ बघून लोकांच्या डोक्यात बसतं की पोट फुगलेला अजगर म्हणजे आत माणूस, आणि लवकर फाडला तर वाचेल. मग कोयता निघतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे, हे कुणाला माहीतच नसतं.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. "अजगराच्या पोटातून जिवंत बाहेर" असं काही आलं तर वेबसाइटवर टाकायच्या आधी एखाद्या प्राणीशास्त्राच्या प्राध्यापकाला एक फोन करा, आपल्या जिल्ह्यात कॉलेजं भरपूर आहेत. मुलांच्या पानावर गोष्टी येऊ द्यात, शेजारी खऱ्या पोटाची चौकट पण येऊ द्या, मजकूर मी लिहून देईन, फुकट. गेल्या वर्षी शाळेच्या मागच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडाने टाकलेल्या गोळ्या आम्ही वर्गात पाण्यात भिजवून उकलल्या, घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेलं तोंडावाटे गोळी करून टाकतं. एका गोळीत उंदराची कवटी, पिवळे पुढचे दात, बरगड्या, सगळं केसात गुंडाळलेलं निघालं, पोरांनी काळ्या कागदावर हाडं मांडून चिकटवली, त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. आणि अजगर सापडल्याची बातमी छापाल तेव्हा प्रत्येक वेळी वनविभागाचा १९२६ हा नंबर टाका आणि खाली लिहा, पोट फुगलेलं असेल तर लांब उभे राहा, काठी लावू नका, त्याला उलटी करायला लावू नका, माणसं येईपर्यंत कोंबड्या असतील तर दुसरीकडे हलवा आणि खुराड्याची जाळी बारीक घ्या.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सिंधुदुर्ग